आक्काला दाखवलेला सातारा

फोन भाच्याचा होता. कराडच्या आमच्या शाळेत तिसरा तास चालू होता. वर्गात फोन उचलायचा नाही हा माझा नियम, पण गेलं वर्षभर पलूसहून, बहिणीच्या घरून, अवेळी आलेला फोन मी टाळत नव्हतो. मी व्हरांड्यात आलो. "मामा, आई उठंना झालीया..." एवढंच तो बोलला. एसटी कशी मिळाली, कुठे बसलो, काही आठवत नाही. पोचलो तोवर माझी थोरली बहीण, आमची आक्का, संपली होती.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आक्काची शाळा सातवीला सुटली, कारण आई-वडील दोघंही रानात जात आणि घर तिच्यावर येई. ती भाकरी थापायची, मी चुलीपाशी बसून इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचायचो. माझं पाठ व्हायच्या आत तिचं व्हायचं. मी अडखळलो की ती परातीवरची नजर न काढता पुढचं वाक्य सांगायची. आज मी इतिहासच शिकवतो. पगार मला मिळतो, पण तो विषय आम्ही दोघं मिळून शिकलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तिनं एवढंच मागितलं, "संजा, ते राजधानीचं सातारा तेवढं दाव की रं. नुस्तं ऐकलंय."

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही दोन दिवस गेलो. स्टँडजवळचं स्वस्तातलं लॉज, घरच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. संग्रहालयात तलवारीपुढं ती बराच वेळ उभी राहिली. "एवढी जड आसती व्हय? तू वाचताना लय सपासप चालवायचास!" शेजारचे अनोळखी लोकसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंक्यतारा. पायथ्याला ती सहज बोलून गेली, डॉक्टरनं चढ नको म्हणून सांगितलंय. मी थांबायला हवं होतं. निदान रिक्षा करायला हवी होती, ती पार दरवाजापर्यंत जाते. पण "हळूहळू जाऊ, रिक्षा कशाला," असं मीच म्हणालो. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

वर मंगळाईच्या देवळाच्या पायरीवर ती बसली. मी पलीकडच्या दरवाजाकडं निघालो तेव्हा मागून तिचा आवाज आला, "येती रं संजा." मला वाटलं, मागोमाग येतेय. मी तटावर जाऊन थांबलो. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. परत आलो तर पायरी मोकळी! फोन लावला, तर तो माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत वाजला... मी देवळाच्या मागं पाहिलं, झुडपांत पाहिलं, तटाच्या कडेवरून खाली वाकून पाहिलं. गडावर जुनी तळी आहेत. एकेका तळ्याच्या काठावर उभा राहून मी हिरव्या पाण्यात तिचं जांभळं लुगडं शोधत होतो. आक्का, आक्का म्हणून हाका मारत होतो.

शेवटी मुख्य दरवाजाजवळ ताक विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "जांभळ्या लुगड्यातल्या व्हय? आवं, त्या मगाशीच उतरल्या. छातीला हात लावून, बसत-उठत गेल्या."

मी धावत सुटलो. तिसऱ्या वळणावर ती कठड्याला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा, घामानं चोळी भिजलेली.

"आक्का, न सांगता का आलीस?"

"सांगितलं की. येती म्हनलं न्हवं?"

"मला वाटलं, माझ्या मागनं येतीस!"

"मग काय, जाती म्हनू?" ती दम घेत म्हणाली. "देवीच्या दारात? आन् तेबी आसं छातीत आवळून आल्यालं आस्ताना?" मग माझ्याकडं बघून हसली. "वरच मेले आस्ते तर तुला उचलायला आलं आस्तं व्हय रं? म्हनून जमंल तेवढं खाली आले."

साताऱ्यातच दवाखान्यात नेलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घातली. घरी आक्कानं दाजींना सांगितलं, "लय गर्दी हुती, म्हनून उशीर झाला." तिनं झाकलं आणि मी झाकू दिलं. गोळ्या सुरू झाल्या, त्या कशाच्या हे दाजींना पुढं कळलं. त्या चढाचं मात्र मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्याचा आणि तिच्या जाण्याचा संबंध नाही, असं तिला तपासणारे सांगलीचे डॉक्टर परवा म्हणाले. मी दोनदा विचारलं.

तेराव्याला सगळे उठले. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, मुकाट्यानं बाहेर पडतात. मीही चपला घातल्या. स्वयंपाकघराच्या दारातून तिची बसायची जागा दिसत होती, भिंतीला पाठ टेकून टेकून रंग उडालेली. आपण न सांगता गेलो तर ती कुठं कुठं शोधेल, असं वाटलं. मी परत आत गेलो.

"आक्का, येतो गं."

"आरं, आसं म्हनू न्हाई," मागून चुलती घाबरून म्हणाली.

पण मी म्हणून गेलो होतो.