द्वारकाबाईंनी नैवेद्य अडवला

गारखेड्यातल्या आमच्या मठात एक नियम आहे. नैवेद्य रांधण्याआधी अध्यक्ष आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, "मन शांत हाय ना?" रागात शिजवलेलं देवाला पोचत नाही, अशी श्रद्धा. बायका "व्हय" म्हणतात, मग चूल पेटते. रांधायला फुलंब्रीहून एसटीनं येणाऱ्या द्वारकाबाई वर्षानुवर्षं हेच म्हणत आल्या. मी तिथं पंगतीला पत्रावळी मांडतो, त्यामुळे त्यांचं तोंड मला चांगलंच ठाऊक आहे.

पोळ्या लाटणारी रूपा भंडारघरात कणीक आणायला गेली, की कोठी सांभाळणारा बद्रीनाथ दार लोटून तिच्या अंगचटीला यायचा. एक दिवस ती रडत बाहेर आली. द्वारकाबाई तिला घेऊन थेट आप्पांकडे गेल्या. तक्रार समिती नेमा, तिच्यात बाहेरची बाई घ्या, चौकशी होईतो बद्रीनाथला लांब ठेवा, एवढंच मागणं.

आप्पा म्हणाले, "ही काय कंपनी हाय का? इथं समदे सेवेकरी."

"सेवेकऱ्याला अंग नसतंय व्हय?"

"देवाच्या दारात तक्रारी नगं."

म्हणजे देवाच्या दारात हात लावलेला चालतो, तोंड उघडलेलं चालत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवारी आप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "मन शांत हाय ना?"

"नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई राग आलाय."

आप्पांनी शेजारी भात रांधणाऱ्या मुक्ताबाईंकडे पाहिलं. त्यांनी पातेलं पालथं घातलं. "मलाबी." एकेक करत सगळ्याच तसं म्हणाल्या. आरती खोळंबली, लोक रिकाम्या पत्रावळींपुढं बसून राहिले. आपल्याच नियमात आप्पा असे अडकले, की मला हसू आवरेना.

शेवटी विश्वस्तांनी तिथंच बसून समिती नेमली, एका वकीलबाईंना फोन लावून होकार घेतला. आप्पा घाम पुसत परत आले. "आता तरी शांत?"

"मला नका इचारू. हिला इचारा."

इतक्या दिवसांत रूपाला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती उठली. मान खाली नव्हती.

"आधी चाव्या."

भंडारघराच्या दाराशी उभ्या बद्रीनाथनं कमरेचा जुडगा काढला. आप्पांनी घ्यायला हात पुढं केला.

"तिच्याकडं," द्वारकाबाई म्हणाल्या.

रूपानं चाव्या घेतल्या, भंडारघर उघडलं आणि दार सताड उघडं ठेवून कणीक घेऊन आली. मग चूल पेटली.