केळीच्या खांबाची गाठ

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा बेंगळुरूत, व्हाइटफील्डच्या रस्त्यावरच्या एका लहान कंपनीत नोकरीला होतो. आमचं काम गाड्यांच्या ब्रेकवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचं होतं. ब्रेक जोरात दाबला की चाकं जागच्या जागी अडकतात आणि गाडी घसरत जाते. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसवलेला असतो. तो चाकाचा वेग डब्याला कळवत राहतो, आणि डबा ब्रेक क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो. सेन्सरचं म्हणणं पटलं नाही, तर डबा स्वतःच बंद पडतो आणि चालकासमोर पिवळा दिवा लागतो. हे सगळं मी गावी गेलो असताना आईला समजावून सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं की माझा मुलगा गाड्यांचे अपघात थांबवतो.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझं इंजिनिअरिंग आईच्या शिलाई मशीनवर झालं. त्या मशीनला ती दर खंडेनवमीला पुसून, तेल घालून, झेंडूचा हार बांधायची आणि त्या दिवशी कुणाचंही काम घ्यायची नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ती दसऱ्याला माझ्याकडे मारतहळ्ळीला आली. आपली खंडेनवमी ती बेंगळुरूची आयुधपूजा. तिथे त्या दिवशी रिक्षापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. आमच्या ऑफिसातही होती. आईला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. तुला कंटाळा येईल, तिथे सगळे इंग्रजी बोलतात, असं मी म्हणून पाहिलं. पगार येतो ती जागा तरी बघते, म्हणून ती नवं पातळ नेसून तयार झाली.

शेडमध्ये चाचणीची गाडी उभी होती. ती बोटीने परदेशातून आलेली, आणि आम्हीसुद्धा तिला हात लावायचा तर विचारून लावायचो. आमचे साहेब जुने बेंगळुरूकर. त्यांनी आईला पाहिलं आणि हिंदीत सांगून टाकलं की घरातलं मोठं माणूस आलंय, तर पूजा अम्माच करतील. मला वाटलं आई बावरेल. ती बावरली नाही. तिने गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. गाडीला बांधलेल्या केळीच्या खांबांपैकी एक सारखा कलंडत होता. ती सरळ खाली बसली, चाकामागे हात घातला, आत काहीतरी घट्ट लागलं त्यातून सुतळी ओवली आणि कापडाचं गाठोडं आवळावं तशी गाठ मारली. खांब ताठ उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिच्या ओंजळीत आधी चुरमुरे घातले आणि मग बाकीच्यांना वाटले.

लिंबं चिरडून गाडीने आवारात एक फेरी मारली. फेरीत तोच खांब मोडून चाकाखाली आला आणि फरफटत गेला. कुणीतरी सुतळी कापून तो सोडवला. त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग ती गाडी पाठवणाऱ्या परदेशी कंपनीचा माणूस आमचं काम पाहायला आला. त्याला घेऊन गाडी के. आर. पुरमच्या बाजूला निघाली आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पिवळा दिवा लागला. गाडी परत आणून उभी केली, तपासली, तर सगळं ठीक. पुन्हा रस्त्यावर नेली की पुन्हा दिवा. उभ्या गाडीत सेन्सरची तार मीटर लावून तपासली तर तीही बरोबर. मग संशय डब्यातल्या प्रोग्रॅमवर गेला. सेन्सरकडून येणारी माहिती वाचणारा भाग त्याच आठवड्यात बदलला होता, आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने लिहिलेला होता. ती शिमोग्याकडची, कमी बोलणारी. पाहुण्यासमोर साहेब तिला काय बोलले ते सगळ्या हॉलने ऐकलं. तिची दिवाळीची सुट्टी रद्द झाली. चूक तिचीच असणार असं मलाही वाटत होतं. मी दिवाळीला गावी गेलो.

परत आलो तेव्हा उलगडा झालेला होता. टायर बदलायला गाडी वर उचलली तेव्हा दिसलं की चाकामागे सेन्सरच्या तारेला सुतळीची गाठ तशीच आहे आणि तिच्यात केळीचा वाळका धागा अडकलाय. ओढ बसून तार आतून तुटली होती. चाक खालीवर झालं की तिची टोकं एकमेकांपासून सुटायची, गाडी थांबली की पुन्हा टेकायची.

ऑफिस पोट धरून हसलं. कुणीतरी त्या बिघाडाला ‘अम्मा फॉल्ट’ असं नाव दिलं. मीही हसलो. हसलो नसतो तर मी अजून गावातच आहे असं दिसलं असतं, अशी मला भीती होती. पुढे कुठलीही तार सैल निघाली की सगळे तेच नाव घ्यायचे, आणि काही दिवसांनी मीही घ्यायला लागलो. शेजारच्या टेबलावरची मुलगी तेवढी कधी हसली नाही. तुझी चूक नव्हती, एवढंही तिला कुणी म्हटलं नाही.

आई मात्र वर्षभर गावात सांगत होती. ब्लाऊज शिवायला आलेल्या बायकांना, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्यांना. परदेशच्या गाडीची पूजा माझ्या हातची झाली, साहेबाने मला आधी प्रसाद दिला. मी गावी असलो की ती माझ्याकडे वळून म्हणायची, “विचारा याला.” आणि मी मान हलवायचो.

पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा आली. या वेळी तिला न्यायचं मी टाळणार होतो, पण साहेबांनीच निरोप दिला. ती आरतीचं ताट घेऊन गाडीपाशी गेली तेव्हा साहेब प्रेमाने म्हणाले, “अम्मा, इस बार गाठ स्वल्प ढीली बांधना.” हशा पिकला. आईही हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि केळीचा खांब तिने बांधला नाही, नुसता गाडीला टेकवून ठेवला.

खोलीवर आल्यावर तिने विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. बिघाडाला पडलेलं नावही सांगितलं. ती लुगड्याची घडी घालत ऐकत होती.

“तुला केव्हा कळलं?”

“गेल्या दिवाळीनंतर.”

“म्हणजे मी वर्षभर सांगत सुटले, तेव्हा तुला ठाऊक होतं.”

मी म्हटलं, त्यात एवढं काही नाही, ते सगळे मायेनेच हसतात. तिने ते ऐकलंच नाही. तिने विचारलं, कुणाला बोलणी बसली का? मी त्या मुलीचं सांगितलं.

“मग तिची माफी कुणी मागितली?”

मी म्हटलं, ऑफिसात तसं नसतं.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी ती माझ्याबरोबर बसने आली. मी शेवटपर्यंत तिला समजावत होतो. ती त्या मुलीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, “बाई, माझ्या गाठीमुळे तुला बोलणी बसली. सणाला घरी जाता आलं नाही. माझं चुकलं.” मग मला म्हणाली, “सांग तिला.”

मी इंग्रजीत सांगितलं. माझ्या तोंडून ते शब्द त्या मुलीसाठी पहिल्यांदाच निघत होते, आणि त्यांच्याआधी मी ‘आई म्हणते आहे’ एवढं जोडलं.

ती मुलगी उठली. तिने आईचे दोन्ही हात धरले आणि आईला कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, “अम्मा, आप पर मुझे कभी गुस्सा नहीं था.” मग ती खाली बसली आणि तिने आपलं काम पुढे सुरू केलं.

साहेबांना सांगून मी आईला खोलीवर सोडायला निघालो. बसमध्ये तिने विचारलं,

“माझ्यावर राग नव्हता म्हणाली ना ती?”

“हो.”

“मग कुणावर होता?”

तेवढ्यात कंडक्टर आला. मी त्याला दोन मारतहळ्ळी सांगितलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खिसे चाचपत राहिलो. तिकिटं घेऊन वळलो तेव्हा आई खिडकीबाहेर बघत होती.