एका शब्दाचे एकशे चार अर्थ

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला, आकडा एकशे चार होता. हजर तिघे: सर, टपरीच्या अक्का आणि मी. आकडा रुपयांचा नव्हे. ‘सेट’ या एका इंग्रजी शब्दाचे एकशे चार अर्थ सरांनी दोनशे पानी वहीत लिहून आणले होते आणि ते मी तपासायचे होते.

तुमच्याही कॉलनीच्या तोंडाशी असा एखादा बाक असेल, त्यावर रोज बसणारा असा एखादा माणूस असेल. आमच्या जळगावच्या कॉलनीत ते सर होते. मूळचे धुळ्याचे, एरंडोलला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मी लेखापरीक्षणात नोकरीला, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून थकलेला. घरी जाण्यापूर्वी दहा मिनिटं त्या बाकावर टेकायचो.

बोलता बोलता सरांचं बोट वर जायचं. “थांबा! हा झाला का आपला?” मग पिशवीतून वही निघायची, सर स्वतःच लिहायचे आणि वर मला हुकूम व्हायचा, “साहेब, नोंद घ्या.”

कोशातला अर्थ त्यांना चालत नसे. शब्द कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला हवा किंवा ते काम कोणाच्या तरी हातून होताना पाहिलेलं हवं. शेजारी स्लॅब टाकला, सिमेंट घट्ट होत होतं, लिहिलं. सोनाराने अंगठीत खडा बसवला, लिहिलं. पंपाचा सेट, सोफ्याचा सेट, प्रश्नपत्रिकेचा सेट. पाण्याच्या टाकीमागे सूर्य मावळला, त्याचीही नोंद. समोर मराठी शब्द: ठेवणे, मांडणे, लावणे, बसवणे, नेमणे, मावळणे. शेवटच्या रकान्यात साक्षीदाराचं नाव.

“एकट्या शब्दाकडून किती कामं करून घेतात हो हे इंग्रज,” सर म्हणायचे. “आमच्या शाळेतल्या शिपायासारखं.”

“मना पोऱ्या पुण्याले सेट व्हयना, हाई बी लिखा,” अक्का एकदा म्हणाल्या.

मी म्हटलं, “पोरगा पुण्यात ‘सेट झाला’, हे काही खरं इंग्रजी नाही.”

“अक्का बोलल्या म्हणजे खरं,” सर म्हणाले आणि लिहून घेतलं. अक्कांचं नाव साक्षीदारांत सत्तावीस वेळा होतं. मी मोजलं आहे.

चहाचा नियमही सरांचाच. नवा अर्थ आणणाऱ्याला सर चहा पाजणार. आधी झालेलाच अर्थ पुन्हा आणला, तर आणणाऱ्याने तिघांना चहा द्यायचा. अक्कांनाही, त्यांच्याच टपरीवरचा, रोख पैसे देऊन. एकदा मी गजर लावण्याचा अर्थ घेऊन आलो, तो आधीच झालेला निघाला. तीस रुपये गेले. सर दोन दिवस हसत होते.

वही ही नुसती गंमत नव्हती, हे मला उशिरा कळलं. सरांकडून दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा ते बँकेतून निघून भलत्याच कॉलनीत पोचले होते. सरांचाही मुलगा पुण्यातच; त्याने घर बंद करून त्यांना घेऊन जायचं ठरवलं. सर त्याला म्हणाले, पोळ्यापर्यंत थांब. एका शब्दाचे शंभर अर्थ गोळा करून दाखवतो, एकही दुबार नाही. जमलं तर मी इथेच राहणार. मुलगा कबूल झाला. त्याची अट एकच, वही बाहेरच्या माणसाने तपासून सही करायची.

“म्हणून तुम्ही, साहेब,” सर म्हणाले. “चार जास्तीचे घेतलेत. घट धरून.”

मी लाल पेन काढलं. मला दुसऱ्या कुठल्या प्रकारे वाचता येत नाही. अक्कांनी स्टोव्ह बारीक केला.

बाराव्या नोंदीत होतं: दही लावणे, साक्षीदार सौ. एकेचाळिसाव्या नोंदीत: दही लावणे, साक्षीदार सौ. मी खूण केली. अडुसष्टला पुन्हा. त्र्याण्णवला पुन्हा. चारही वेळा शब्द तेच: ‘रात्री वाटी झाकून ठेवते, सकाळी हलवू देत नाही.’ सूर्य दोनदा मावळला होता, गजर दोनदा लागला होता, अक्कांच्या भावाच्या हाताचं हाड दोनदा बसवलं होतं.

“जादा सहा,” मी म्हणालो. “राहिले अठ्ठ्याण्णव.”

मला वाटलं, ते वाद घालतील. निदान दोन अर्थ तिथेच शोधून काढतील. अक्का तर लगेच म्हणाल्या, “दोनच कमी शेत ना सर? बठ्ठा मिळीसन आत्ते काढी टाकू!”

सरांनी वही जवळ घेतली. लाल खुणा एकेक करून वाचल्या. दह्यापाशी बराच वेळ थांबले.

“दोन कमी पडले त्याचं काही नाही हो, अक्का,” ते म्हणाले. “हे चार वेळा लिहिलं, आणि चारही वेळा मला वाटलं, आजच आठवलं.”

मी वही मागितली. म्हटलं, सही करतो. खरं सांगायचं तर तेवीस वर्षांच्या नोकरीत असं मी कोणाला म्हटलेलं नाही.

“खोटी सही तुम्हाला जमायची नाही, साहेब. ओळ वाकडी येईल.” मग बोट वर गेलं. “नियम काय आपला? सहा दुबार, तिघांचा चहा. अठरा चहा, दहाप्रमाणे एकशे ऐंशी.” त्यांनी पैसे मोजून अक्कांच्या हातावर ठेवले. “मुलाला तुम्हीच फोन करा. माझ्यावर सोडाल तर राहून जाईल.”

मी त्याच संध्याकाळी फोन केला. मुलाने आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग “थँक यू, काका” म्हणाला. त्या ‘थँक यू’चं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. दोन बॅगा, एक गादी, देव्हारा. गाडी टपरीपाशी आली तेव्हा सरांनी ती थांबवली आणि खाली उतरले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वही त्यांनी माझ्या हातात दिली. मग पाकीट काढलं.

“अक्का, माझे सहा दुबार निघाले होते. तसंच जाणं बरं दिसत नाही. अठरा चहा.” त्यांनी एकशे ऐंशी रुपये मोजले, पुन्हा मोजले आणि पुढे केले.

अक्कांनी हात पुढे केला नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “भाऊ, यास्नी तं परवाच दिधात ना?”

मुलगा गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. काच खाली होती.

“घ्या, अक्का,” मी म्हणालो. “येणं आहे.”

अक्कांनी घेतले. सर खूश झाले. “बघा साहेब, मी काही ठेवून जात नाही,” म्हणाले आणि गाडीत बसले.

वही माझ्याकडे आहे. आकडा अठ्ठ्याण्णववरच आहे. येणं होतं एकशे ऐंशी रुपये. सरांनी दिले तीनशे साठ, अक्कांना, दोन वेळा. शेवटच्या पानावर मी ते तसंच लिहिलं आणि खाली सही केली: तपासले, बरोबर आहे.