उसवलेली कंबर

दोघी जावा घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात समोरासमोर मशीन लावून बसत. अंगाला न बसणारे कपडे अंगाला बसवून देणं हे त्यांचं काम. बाही आखूड कर, कंबर आवळ, पाठ सैल कर. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा किडकिडीत होती, आणि ओठांत टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून ताईनंच तिला टाचणी नाव पाडलं. पुढे टाचणीचं अंग सुटलं, हनुवटीवर राठ केस यायला लागले, पाळी महिनोन् महिने तोंड दाखवेना. नाव मात्र तेच राहिलं. एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "टाचणी कसली गं, दाभण झालीय हिची." टाचणी सगळ्यांबरोबर हसली. मग तिनं मशीन अशी दामटली की सुई तुटली.

डॉक्टरबाईंनी पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा बिघाड, असल्याचं सांगितलं. म्हणाल्या, "हे मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतं. रोज भरभर चाला. स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा. गोड आणि मैद्याचं कमी करा, डाळी-भाज्या वाढवा, झोप पुरी घ्या. उपाशी मात्र राहू नका. काही महिन्यांनी बघू, मग औषधांचं ठरवू."

टाचणीला मूल हवंय, असं घरानं धरूनच ठेवलं होतं. तिला त्याच्याही आधी दुसरं काही हवं होतं. आपण हाक मारली तर हे शरीर ओ देतं, एवढं तिला एकदा कळायला हवं होतं. इतकी वर्षं ते तिच्याशी परक्यासारखं वागलं होतं. आरशात दिसे ते तिच्या ओळखीचं नव्हतं.

ताईनं सगळं अंगावर घेतलं. सकाळी दोघी मिळून चालायला जायच्या. ताईनं स्वतःच्या चहातली साखरसुद्धा बंद केली, आणि पहिल्या घोटाला तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, "टाचणे, तुझ्यापायी मी काढा प्यायला लागले." दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी पाण्यानं भरलेल्या बाटल्या खालीवर करत. टाचणीचा नवरा दारातून डोकावून म्हणे, "काय पहिलवान, कुस्ती कधी?"

शिवणकाम करणाऱ्या बायका स्वतःचं माप स्वतः घेत नाहीत. खाली वाकलं की पोट आत जातं, टेप सरकते, माप चुकतं. त्यामुळे टाचणीची कंबर ताईच्या हातात होती. शिवाय एक राखाडी पॅन्ट होती, टाचणीनं बारीक असताना स्वतःसाठी शिवलेली. दर महिन्याला ती चढवून बघायची असं ठरलं. पहिल्यांदा हूक काजाच्या जवळपासही गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्या दिवशी टाचणी पॅन्ट अर्धवट चढवून पलंगाच्या कडेला बसली आणि रडली. "बस झालं. उद्यापासून मी येत नाही," म्हणाली.  ताई पॅन्ट उचलून घेऊन गेली.

पुढच्या महिन्यात हूक लागला.

टाचणीनं ओरडून घर गोळा केलं. त्याच्या पुढच्या महिन्यात कंबरेत दोन बोटं सहज शिरली, ताईच्या हातातली टेपही तेच सांगू लागली. ती आता चालताना ताईच्या पुढे जाऊ लागली, गुणगुणू लागली, गिऱ्हाइकांना चार उपदेशही करू लागली. मधल्या काळात पाळी आपणहून आली. मग पुन्हा आली. पण तिच्या लेखी खरी साक्ष पॅन्टचीच होती.

डॉक्टरांकडे परत जायचं होतं, त्या सकाळी तिनं तीच पॅन्ट घालायची ठरवली. इस्त्री आधी उलट्या बाजूनं करायची, शिवणी दाबून घ्यायच्या, ही हाताची सवय. तिनं पॅन्ट उलटी केली आणि हात थांबला.

मागच्या शिवणीलगत बारीक भोकांची रांग होती. तिच्या शेजारी आणखी एक. टीप उसवली की कापडात सुईची भोकं उरतात, ती सहजी बुजत नाहीत. कंबर सैल करायला आत दुमडलेलं कापड पहिल्यांदा थोडं सोडलं होतं, दुसऱ्यांदा उरलेलं सगळं. काम सफाईचं होतं. अशी सफाई या घरात एकाच बाईच्या हातात होती.

इस्त्री तापत राहिली.

"ताई."

ताई पर्स घेऊन निघायच्या तयारीत होती. तिनं पॅन्टकडे बघितलं आणि पर्स खाली ठेवली.

"तू सोडून देणार होतीस," ती म्हणाली.

"सोडलं असतं तर मी सोडलं असतं ना!"

"आणि मग? पुन्हा पलंगावर बसून रडत राहिली असतीस?"

"मी घर गोळा केलं होतं हो. नाचले सगळ्यांसमोर. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"मग काय करू, रडू?"

"यांना माहीत होतं?"

ताईची नजर आतल्या खोलीकडे गेली. आतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, मीच म्हटलं होतं वहिनीला, काहीतरी कर. तुझी ती रडारड बघवत नव्हती." आणि जरा थांबून, समजूत काढल्यासारखं, "एका पॅन्टचं काय एवढं?"

टाचणीनं इस्त्री बंद केली. आपण हसत होतो तेव्हा हे दोघं एकमेकांकडे कसं बघत असतील, ते तिला दिसत राहिलं.

"पाळी आली ना तुझी?" ताईचा आवाज चढला. "ती काय मी उसवून आणली?"

"मला काय माहीत? आता तुम्ही दिवस उजाडला म्हणालात तरी मी खिडकी उघडून बघेन."

दवाखान्यात दोघी शेजारी बसल्या, कारण बाकावर तेवढीच जागा होती. टाचणीनं दुसरेच कपडे घातले होते. डॉक्टरबाईंनी तपासण्या बघितल्या, पाळीच्या तारखा विचारल्या, आणि चेहरा उजळून म्हणाल्या, "छान! रक्तातली साखर उतरलीय, पाळी आपणहून येतेय. सध्या औषध नको, हेच चालू ठेवा."

"पण कंबर तेवढीच आहे," टाचणी म्हणाली.

"असू दे. कंबर उशिरा ऐकते, कधी कधी फार ऐकतही नाही. आत फरक पडलाय, तो खरा आहे. तुम्ही केलाय तो."

हेच ऐकायला ती इतके महिने चालत होती. आता ते कानावर पडलं, आणि तिला कुठलाच आनंद सापडेना. समोरची बाई खरं बोलतेय, हे कळायला तिला तिच्या तोंडाकडे टक लावून बघावं लागलं.

"अशा वेळी सोबत कुणीतरी लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरातून साथ कुणाची?"

"कुणाची नाही."

डॉक्टरबाईंनी ताईकडे पाहिलं. "मग या?"

"या दुकानात असतात," टाचणी म्हणाली.

ताईनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला.

"हो," ती म्हणाली. "समोरच्या मशीनवर."