सशाचा हयातीचा दाखला

जळगावच्या ज्या कॉलेजात मी जैवतंत्रज्ञान शिकवते, तिथे प्रयोगशाळेची कुठलीही खरेदी संस्थेच्या शेठजींच्या सहीशिवाय होत नाही. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, चार पिढ्यांपासून इथे डाळींच्या व्यापारात. वय ऐंशीच्या पुढे. बाकीचे विश्वस्त फाईल शेवटच्या पानावर उघडतात आणि सही करतात. शेठजी पहिल्या पानापासून वाचतात, ओळीवर बोट ठेवून.

त्या वर्षी मी केळफुलाच्या अर्कावर काम करत होते. केळीचं सगळं विकलं जातं, पण केळफुलाचं काय करायचं हा प्रश्न आमच्या भागात फारसा कुणाला पडत नाही, म्हणून तो मला पडला होता. अर्क घातला की कर्करोगाच्या पेशी मरतात, असं पहिल्या प्रयोगात दिसलं होतं. आता त्या कशा मरतात ते पाहायचं होतं. पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, त्याला डेथ रिसेप्टर म्हणतात. बाहेरून निरोप आला की ते आत कळवतं आणि पेशी आपला कारभार आवरते. माझ्या अर्कामुळे हे प्रथिन वाढतं का, हे ओळखायला एक अँटीबॉडी हवी होती. करंगळीच्या पेराएवढी कुपी, तळाशी थोडासा द्रव. बस.

फाईल गेली आणि तिसऱ्या दिवशी शेठजी स्वतःच आले. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढू लागले. मी म्हटलं, "शेठजी, इथे पायात घालूनच यावं लागतं. खाली ॲसिड सांडलेलं असू शकतं."

त्यांनी थोडा विचार केला. "मग मी बाहेरच बसतो," म्हणाले. मी व्हरांड्यात स्टूल नेऊन ठेवलं.

त्यांनी कागद पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, रॅबिट अँटी-ह्यूमन.

"मॅडम, हा ससा माणसाच्या विरोधात का आहे?"

मी समजावून सांगितलं. ते माणसाचं प्रथिन सशाला टोचतात. सशाच्या शरीराला ते परकं वाटतं. त्याच्या रक्तात ते प्रथिन नेमकं पकडणारी अँटीबॉडी तयार होते. ते रक्त घेतात आणि त्यातून अँटीबॉडी वेगळी काढतात.

"रक्त घेतात. बरं. आणि ससा पुढे राहतो का?"

कितीतरी वर्षं मी या कुप्या वापरत होते. सशाच्या, उंदराच्या, बकरीच्या. त्या किती पट पातळ करायच्या हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. ससा पुढे राहतो का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"विचारा. घाई नाही." त्यांनी पेन्सिलीने कागदाच्या कडेला लिहिलं, 'ससा हयात आहे काय?', आणि ते गेले.

फाईल ऑफिसात परत गेली. आमच्या हेडक्लार्कना सगळे नाना म्हणतात. नशिराबादहून स्कूटरवर येतात, आणि सगळ्या कॉलेजच्या पेन्शनचे कागद त्यांनी एकट्याने सांभाळलेत. दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर छापील नमुना तयार होता.

"शेठजींनी हयात असा शब्द वापरलाय," नाना म्हणाले. "म्हणजे हयातीचा दाखला लागणार. पेन्शनवाले नोव्हेंबरात देतात, तोच नमुना चालेल. नाव, जन्मतारीख, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा."

"नाना, सशाला अंगठा कुठला?"

नानांनी चष्मा काढून पुसला. "पंजाचा घेऊ. तसा शेरा मारून टाकतो. पण दाखल्याशिवाय फाईल पुढे जाणार नाही, मॅडम. उद्या ऑडिटवाला मला विचारील."

मी परदेशातल्या कंपनीला ईमेल केली. कोणत्या सशापासून ही अँटीबॉडी केली, आणि तो जिवंत आहे का. दोन दिवसांनी उत्तर आलं की आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, उत्पादनात नेमका दोष काय आढळला ते फोटोसह कळवावं. मी पुन्हा लिहिलं. मग एक फॉर्म आला. त्यात ससा हा शब्द बसेल असा एकच रकाना होता, 'इतर'.

आमच्या कॉलेजला काचसामान आणि रसायनं पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते धुळ्याचे आहेत. ही कुपीही त्यांच्यामार्फतच यायची होती. मी त्यांना फोन लावला.

"ताई, तो अमेरिकाना ससा शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "जित्ता शे का मरी गया, माले काय माहीत? पण दाखला पाहिजे ना? बघतो मी."

पुढच्या सोमवारी भाऊ एसटीने जळगावला आले. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला कागद काढून त्यांनी नानांसमोर ठेवला. धुळ्यातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं की सदर ससा, नर, रंग पांढरा, मी आज समक्ष तपासला असून तो हयात व सुदृढ आहे. फोटो चिकटवला होता. खाली जांभळ्या शाईत पंजाचा ठसाही होता. ससा भाऊंच्या शेजाऱ्यांचा होता.

नाना इतके समाधानी मी क्वचितच पाहिलेत. त्यांनी लगेच आवक नंबर टाकला. मी म्हटलं, "अहो, हा तो ससा नाहीये." नाना म्हणाले, "कागद पूर्ण आहे, मॅडम." मी हट्टच धरला, तेव्हा आम्ही तिघं तो कागद घेऊन शेठजींच्या पेढीवर गेलो.

शेठजींनी दाखला नीट वाचला. फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हा तोच ससा का?"

"नाही, शेठजी," भाऊ म्हणाले. "पण ससाच शे."

"तब्येत चांगली आहे याची," शेठजी म्हणाले आणि कागद भाऊंना परत दिला. "ह्याचं विचारलंच नव्हतं मी."

महिनाभराने कंपनीतल्या कुणा बाईंचं उत्तर आलं, साध्या माणसाने साध्या माणसाला लिहावं तसं. ती जुनी अँटीबॉडी त्यांनी बंद केली होती. तिचे ससे आता नाहीत, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. नवीन अँटीबॉडीसाठी ससे लागत नाहीत. फार पूर्वी एका सशाकडून घेतलेला जनुक काचेच्या भांड्यातल्या पेशींमध्ये घातला आहे, आणि त्याच पेशी ती बनवतात.

मी हे शेठजींना वाचून दाखवलं.

"मग कागदावर अजून ससा का लिहितात?"

"मूळ तिथलं, म्हणून."

"आडनावासारखं," ते म्हणाले. "आमचंही गावावरूनच पडलंय. मी ते गाव पाहिलेलं नाही." त्यांनी पत्राची घडी घातली. "आधीचे मात्र गेले. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत." आणि त्यांनी नव्या कुपीच्या मागणीवर सही केली.

कुपी आली. मी प्रयोग तीनदा केला. प्रथिन जितकं जास्त, तितकी गडद पट्टी फिल्मवर उमटते. डेथ रिसेप्टरची काळी पट्टी अर्क घातलेल्या पेशींत जेवढी, तेवढीच न घातलेल्या पेशींतही. मग लक्षात आलं की पहिल्या वेळी पेशी मेल्या त्या केळफुलामुळे नव्हत्याच. अर्क ज्या अल्कोहोलमध्ये विरघळवला होता, ते जास्त झालं होतं. अल्कोहोल बेताचं ठेवल्यावर सगळ्या पेशी मजेत होत्या. वर्षाचं काम वाया गेलं होतं.

शेठजींना अहवाल द्यायला मी जरा खाली मान घालूनच गेले.

"म्हणजे कुणी मेलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, शेठजी. एकही पेशी मेली नाही."

"मग चांगलंच झालं की."

मी त्यांना सांगू लागले की या प्रयोगात पेशी मरणं हेच चांगलं होतं, त्या कर्करोगाच्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी विभागात पेढ्यांचा बॉक्स पाठवला. सोबत चिठ्ठी होती, 'प्रयोगाबद्दल अभिनंदन'. नानांनी चिठ्ठीला आवक नंबर देऊन ती फाईलला लावली.

आम्ही पेढे व्हरांड्यात बसून खाल्ले. त्या दुपारी उरलेल्या पेशी टाकून द्यायच्या होत्या. फ्लास्कमध्ये ब्लीच ओतायचं, पेशी मरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं आणि सिंकमध्ये रिकामं करायचं. हे मी शेकडो वेळा केलंय. त्या दिवशी मी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि फ्लास्क आणखी एक दिवस इनक्युबेटरच्या उबेत ठेवून घरी गेले.