खर्ज कापायचा नाही

डेल्फीन ब्रॅथवेट फाटलेले स्पीकर दुरुस्त करायची. ब्रॉंक्समध्ये, व्हाइट प्लेन्स रोडवर, डोक्यावरच्या पुलावरून धडधडत जाणाऱ्या रेल्वेखाली तिचं एक अरुंद दुकान होतं. तिथे बसून ती स्पीकरचा जुना कागद खरवडायची, नवा चिकटवायची आणि गिऱ्हाइकाला बजावायची, "आता तरी जपून वाजवा." स्वतः मात्र ती जपून काही वाजवत नसे.

तिच्याकडे एक जुनं ड्रम मशीन होतं. लग्नात वाजवणाऱ्या एका वादकाने ते वैतागून विकलं होतं. त्यातला ढोल ढोलासारखा वाजत नाही, अशी त्याची तक्रार. शहाऐंशी साली सगळ्यांना खऱ्या ढोलाचा आवाज देणारी नवी मशीनं हवी होती. पण याच मशीनवर एक बटण होतं. ते पूर्ण फिरवलं की ठोका संपला तरी त्याचा घुमारा उरायचा, लांब आणि खोल, कानाआधी पोटात शिरणारा. डेल्फीनला तोच घुमारा हवा होता. गाण्याचा सगळा खर्ज त्यातूनच काढायचा, खर्जाची गिटार घ्यायचीच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

गाणं तिच्या मावसभावाचं, लिंडेलचं. शब्द तो लिहायचा, म्हणायचाही तोच. ताल तिचा. छोट्या ढोलाचा आवाज तिला मशीनमधला पसंत पडेना, म्हणून भर दुपारी टेप घेऊन ती इमारतीच्या जिन्यापाशी उभी राहिली आणि कचरा टाकायच्या नळीचं लोखंडी झाकण आपटत सुटली. समोरच्या मिसेस गिटन्स दार उघडून बाहेर आल्या.

"अगं, कचरा टाकून झाला ना? मग त्या झाकणाने तुझं काय घोडं मारलंय?"

"काकू, एकदाच. तुम्ही फक्त बोलू नका."

"माझ्याच दारात मीच बोलू नको?"

त्यांचा आवाजही टेपवर आला. तेवढा भाग डेल्फीनने पुसला आणि पुन्हा झाकण आपटलं.

रेकॉर्डिंग माउंट व्हर्ननमधल्या एका तळघरात झालं. तिथला आवाजाचा माणूस होता स्टॅन कोव्हाच, हयातभर लग्नाच्या बँडांची गाणी टेपवर घेतलेला. त्याच्याकडे आवाज पकडून ठेवणारा एक कीबोर्ड होता. डेल्फीनने मशीनचा घुमारा त्यात भरला. मग डावीकडची पट्टी दाबली की घुमारा आणखी खोल जायचा, उजवीकडची दाबली की थोडा वर यायचा. एकाच ठोक्यातून तिने अख्खी सुरावट उभी केली. स्टॅनच्या यंत्रावरचा काटा मात्र लाल रेषेपलीकडे जाऊन बसला.

"हे असं चालणार नाही," म्हणत स्टॅनने खर्ज खाली आणला.

डेल्फीनने हात पुढे करून तो परत वर नेला.

"अगं बाई, रेकॉर्डवर सुई उडेल!"

"उडू दे."

"लोकांचे स्पीकर फाटतील."

"त्यांना माझ्या दुकानाचा पत्ता दे."

स्टॅनने हात वर केले. नमुन्याची रेकॉर्ड निघाली आणि रविवारी दुपारी पार्कात, सगळ्या ओळखीच्यांसमोर, ती लावली. पहिलाच मोठा ठोका पडला आणि सुई टुणकन उडून पुढच्या कडव्यात गेली. पुन्हा लावली, पुन्हा उडाली.

"सुई तरी नाचतेय!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. लिंडेलचं तोंड एवढंसं झालं.

"कमी कर ना थोडा," परतताना तो म्हणाला. "स्टॅन आधीच सांगत होता."

डेल्फीन तरातरा घरी आली आणि झालेलं सगळं आईला सांगून मोकळी झाली. आई मक्याच्या पिठाचं कूकू घोटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घोटता घोटताच म्हणाली, "तुझा बाप तिकडे बार्बाडोसला लग्नात स्पीकर लावायचा. एकदा शेजारणीच्या कपबश्या हादऱ्याने खाली आल्या."

"मग आवाज कमी केला?"

"छे! कपबश्या घेऊन दिल्या. आवाज होता तेवढाच."

दुसऱ्या दिवशी डेल्फीन स्टॅनपुढे जाऊन उभी राहिली. "सुई का उडते, ते नीट सांग."

तिने विचारलं म्हणून स्टॅननेही मोकळेपणाने सांगितलं. खोल आवाजाची खाच रुंद असते, तिला जागा लागते. गाणं लांब असलं की खाचा एकमेकींना खेटतात. "खर्ज कमी कर, नाहीतर गाणं आखूड कर," तो म्हणाला. "आणि घुमारा डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांत पसरू नकोस, मधोमध ठेव. तेवढं माझं ऐक."

तेवढं तिने ऐकलं. मग कात्री घेतली. मधले झंकार उडवले, सुरुवातीचा गोंगाट उडवला, आणि शेवटी लिंडेलच्या शेवटच्या कडव्यावर आली.

"माझं कडवं?" लिंडेल उभाच राहिला. "त्यात मी आईचं नाव घेतलंय!"

"मावशीला मी समजावते."

"शब्द कापशील, ढोल नाही कापणार? लोक शब्द ऐकायला येतात, डेल!"

"येतात ना. पण हातातलं खाणं खाली ठेवून उठतात, ते कशाने?"

तो दार आपटून गेला. आठवडाभर फिरकला नाही. मग एक दिवस दुकानात आला, काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "आईचं नाव पहिल्या कडव्यात बसवलंय. त्याला हात लावलास तर बघ."

"नाही लावत."

नवी रेकॉर्ड पार्कात लावली तेव्हा जुने हसणारे पुन्हा हसायच्या तयारीनेच उभे होते. ठोका पडला. सुई जागची हलली नाही. हलली ती कुंपणाची जाळी, सरबतवाल्याच्या बर्फाच्या पेटीचं झाकण, आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या मांड्या. वर लोखंडी झाकणाचा तडाखा बसला आणि लोक उठले. गाणं संपल्यावर पुन्हा तेच लावायला लागलं.

ती बातमी मॅनहॅटनच्या एका कंपनीपर्यंत गेली. तिथल्या साहेबांनी दोघांना बोलावलं, कॉफी पाजली. "गाणं छान आहे. फक्त रेडिओसाठी तळातला आवाज खाली घ्या. बाकी सगळं आम्ही बघतो."

डेल्फीन तोंड उघडणार, तेवढ्यात लिंडेलच म्हणाला, "त्याच्यासाठी मी माझं कडवं दिलंय, साहेब. तो हलणार नाही."

दोघं कॉफी अर्धी टाकून उठले. रेडिओवर ते गाणं कधी लागलं नाही. ते विकलं गेलं गाड्यांच्या डिकीतून, न्हाव्यांच्या दुकानांतून, आणि त्या उन्हाळ्यात व्हाइट प्लेन्स रोडवरून जाणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या काचा त्याने थरथरत होत्या. पुढे लिंडेल संसारापायी अटलांटाला गेला. डेल्फीनने रेकॉर्डिंगसाठी दुकानावरची खोली घेतली, आणि गाणारी पोरं जिना चढून तिच्याकडे यायला लागली. बरीचशी पहिल्याच दिवशी म्हणायची, "ताई, थोडा कमी करा, माझे शब्द बुडतात." ती त्यांना जिना दाखवायची. काही उतरून जायची, काही आवाज चढवायला शिकायची.

एकदा यॉंकर्सहून एक मुलगी आली, फाडफाड बोलणारी. तिने ताल ऐकला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "एवढाच? अजून वाढवा की."

डेल्फीन मोठ्याने हसली आणि तिने हात बटणाकडे नेला.

"आधी ते दार लाव," ती म्हणाली.