आई गादीवर बसत नसे

सातव्या महिन्यात मला एक जोरदार शिंक आली आणि तिच्यासोबत लघवीही. बदलापुरातल्या हेंद्रेपाड्याच्या आमच्या घरात मी एकटीच होते, तरी आधी दार नीट बंद आहे ना ते पाहिलं. मग रडले. रडताना पुन्हा थोडी झाली, तेव्हा मात्र स्वतःचाच राग आला.

त्या दिवसांत मला आई हवी होती. फोनवर नाही, घरात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेर म्हणजे उल्हासनगर कॅम्प एकमधली उभ्या जिन्यावरची एक खोली. म्हणून मीच तिच्या मागे लागले होते, तू बदलापूरला ये, बाळ होईपर्यंत राहा. ती म्हणायची, "बघू." तिच्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे.

ती यायची, पण सकाळी येऊन संध्याकाळच्या आत परत. गडद साडी नेसून, डब्यात माझ्या आवडीचं काहीतरी घेऊन. पलंगावर बस म्हटलं की म्हणायची, "मला ही प्लास्टिकची खुर्चीच बरी." नवी गादी सोडून ती त्या खुर्चीत पाहुण्यासारखी अवघडून बसायची. जावयाच्या घरी तिला परकं वाटतं, असं मी धरून चालले होते. कधी वाटायचं, मीच तिला परकी झाले. ती गेल्यावर ती खुर्ची मी कितीतरी वेळ हलवत नसे.

शिंकेचं तिला सांगितलं, तर तिने लगेच उपाय दिला. "पाणी कमी पी. आम्ही एमआयडीसीत पॅकिंगला उभ्या राहिलो की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागा सोडता यायची नाही. सकाळपासून घोटभर पाण्यावर काढायचो." मी आज्ञाधारक लेक. पाणी कमी केलं आणि लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी मला झापलं, औषध दिलं आणि अंबरनाथला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती मुलगी माझ्याहून लहान, पण लाजणं तिच्या गावीही नव्हतं. "चारचौघांत गॅस होतोय, तर कसं धरून ठेवाल? तसं आतून आवळा, वर ओढा. श्वास चालू ठेवा. मग पूर्ण सैल सोडा." मी दात, खांदे, पायाची बोटं, सगळं आवळलं. ती हसत म्हणाली, "ताई, तोंड सोडा, त्याचं इथे काही काम नाही." लघवी करता करता मध्येच थांबवून सराव करायचा नाही, पाणी तोडायचं नाही, शिंक येतेय वाटलं की आधी आवळायचं, हेही तिने सांगितलं. आणि हे फक्त पोटुशींसाठी नाही, कुठल्याही वयात सुरू करता येतं.

परतताना शेअर रिक्षात दोघींच्या मध्ये बसून मी आवळत-सोडत होते आणि चेहरा असा, जणू भाजी कुठली करावी याचा विचार चाललाय. घरी येऊन हे सगळं आईला फोनवर रंगवून सांगितलं. वाटलं, ती खो खो हसेल. ती हसलीच नाही.

मग हळूच म्हणाली, "बाळंतपणाला लय वर्षं झाली असली, तरी उपयोग होतो का गं त्याचा?"

माझं लक्ष त्या खुर्चीकडे गेलं. गडद साड्या, संध्याकाळच्या आत परतणं, सगळं एकदम कळलं.

"कधीपासून, आई?"

"तुझ्या वेळेपासून. तुझी गादी नवीन आहे ना..."

"होतो उपयोग," मी म्हणाले. "वेळ लागतो, पण होतो. तू आधी इकडे ये."

ती कपड्यांची पिशवी घेऊन आली. बाळासाठी आणलेलं रबरी कापड मी चादरीखाली पसरून ठेवलं होतं, दोघींच्या जागेवर. "मलाही लागतं," एवढंच बोलले. तिने एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग पलंगाच्या कडेला टेकली, थोडी मागे सरकली, आणि पाय वर घेऊन माझ्याशेजारी आडवी झाली.

"सांग," ती म्हणाली, "आवळू का आता?"